विलायती राजीनामा

आमच्या घराच्या दारासमोर गावाची नाली येऊन संपायची. संपायची म्हणजे तिथून पुढं कुठं जायचीच नाही. वरच्या आळीचं, पाराजवळचं, पिठाच्या गिरणीपुढचं सगळं सांडपाणी उघड्या चारीतून वाहत आमच्या वस्तीपर्यंत यायचं आणि डबकं धरून बसायचं. वाटूर फाट्यावरून आत येणाऱ्या नव्या माणसाला आमची वस्ती आधी नाकाला कळायची. माय सकाळी भाकरी थापायला बसली की दार लोटून घ्यायची, धुरानं डोळे चुरचुरले की उघडायची, वास आला की पुन्हा लोटायची. चार माणसांच्या भाकरी होईपर्यंत त्या दाराची कडी पाच-सात वेळा वाजायची. धूर घ्यायचा की वास, हे रोज सकाळी ठरवायचं, मग शेंगदाण्याच्या ठेच्यासोबत गरम भाकर खायची आणि मी बससाठी फाट्याकडं पळायचं, असा आमचा दिवस सुरू व्हायचा.

माय ग्रामपंचायतीची मेंबर झाली ती या नालीपायीच. आमच्या वॉर्डातली जागा आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा गावातले एक जुने पुढारी दत्तूनाना नाकाला उपरणं लावून आमच्या दारात आले आणि म्हणाले, "कांताबाई, उभ्या राहा. आन ही नाली तुमीच करून घ्या." माय तिसरीपर्यंत शिकलेली, पण लग्नानंतर पाटी-पेन्सिल सुटली ती सुटलीच. उमेदवारीच्या अर्जावर तिनं अंगठा लावला. निवडून आल्यावर मात्र तिला त्या अंगठ्याची लाज वाटायला लागली. ती ताटात चुलीची राख पसरायची आणि बोटानं स्वतःचं नाव गिरवायची. तीन महिने गिरवलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तिन्ही पुरं. मी म्हटलं, "माय, सही एवढी लांब नसती. जरा छोटी कर." ती म्हणाली, "का? मी काय छोटी मेंबर हाय का?"

नाली मंजूर झाली. कागदावर आमच्या वस्तीपुढून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जाणारी, वरून झाकलेली. आणि एक दिवस खडी-सिमेंट येऊन पडलं ते सरपंचाच्या भावाच्या प्लॉटपुढं. तिथं घरसुद्धा नव्हतं, नुसत्या एरंडाच्या झुडपांना पक्की नाली झाली. माय पंचायतीत जाऊन बोलली. सरपंच हसून म्हणाले, "कांताबाई, पुढच्या टप्प्यात बघू." हे 'पुढच्या टप्प्यात' मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की आजही कुठल्या कार्यालयात कुणी तसं म्हटलं की माझं डोकं तडकतं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. अप्पा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये कामाला, तिथंच खोली करून राहायचे आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे. धाकटा भाऊ शाळेत. राज्यशास्त्र घेतलं ते मला फार कळत होतं म्हणून नाही, माय मेंबर आहे म्हणून. वाटलं, तिच्या कामाला येईल. हे वाक्य आता लिहितानाही मला कसंनुसं होतं.

आम्हाला शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते, पण मन लावून शिकवायचे. त्यांनी प्रत्येकाला एकेका देशाच्या शासनपद्धतीचा तक्ता करायला दिला. मला ब्रिटन मिळालं. मी पांढऱ्या कार्डशीटवर राजमुकुट काढला, खाली दोन सभागृहं, मधे चौकट करून पंतप्रधानांचा फोटो चिकटवला. फोटो फाट्यावरच्या सलूनमधल्या जुन्या पेपरातून कापून आणला होता. तक्ता वर्गात लागला आणि आठवड्याच्या आत तिकडं गडबड सुरू झाली. पेरण्या आटोपल्या होत्या, माय खुरपायला जात होती आणि मी बसमध्ये मोबाइलवर वाचत होते की एक मंत्री गेला, दुसरा गेला, दुपारपर्यंत आणखी कितीतरी गेले. मोजता मोजता मी चुकायची. प्रत्येकजण पत्र लिहून जात होता. छापील, स्वच्छ, खाली ऐटबाज सही. आणि अशी पत्रं ढिगानं पडल्यावर पंतप्रधानांनी घरासमोर येऊन सांगितलं की मी जातो. मला ते फार भारी वाटलं. दगड नाही, शिव्या नाहीत, कुणाला गाडीत कोंबून नेणं नाही. नुसतं पत्र.

रात्रीच्या जेवणाला मी मायला हे सांगितलं. अंबाडीची भाजी होती. ती म्हणाली, "त्याच्याच पारटीच्या लोकांनी काढलं?"

"हां. त्याच्याच."

"आन तो गेला? गुपचूप?"

"गुपचूप न्हाई, पण गेला."

तिनं भाजीत भाकर कुस्करली आणि म्हणाली, "आपल्याकडं असतं तर म्हनला असता, पुढच्या टप्प्यात जाऊ."

नवा पंतप्रधान लगेच ठरेना. पार गणपती बसेपर्यंत त्यांचं चाललं. शेवटी एक बाई झाल्या. मी जुन्या फोटोवर नवा फोटो चिकटवला. डिंक जास्त झाला, चौकट फुगली. महिनाभरात त्या बाईंचंही डगमगायला लागलं. त्यांनी पैशाचं कायतरी जाहीर केलं, मग मागं घेतलं, मग ज्याला खजिन्याचं काम दिलं होतं त्यालाच घालवलं. तिकडच्या एका वर्तमानपत्रानं टेबलावर पालेभाजीचा एक गड्डा ठेवला आणि लोकांना विचारलं, आधी कोण सुकतं ते बघा, ही भाजी की ही बाई. सर वर्गात आले की आधी माझ्या तक्त्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "प्रज्ञा, फोटो अजून चालतो ना?" सगळा वर्ग हसायचा. एवढा मोठा देश, आपल्यावर इतकी वर्षं राज्य करून गेलेला, आणि माझा एक तक्ता महिनाभर नीट राहू देईना. मला खरोखर राग यायचा.

त्याच दिवसांत गावात अविश्वासाचं शिजायला लागलं. पंचायतीत नऊ जागा. एक मेंबर वारले होते, त्यांची जागा रिकामी, म्हणजे आठ. सरपंचाला काढायला मेंबरांपैकी पाऊण हिस्सा, म्हणजे सहा हात वर व्हायला हवे होते, आणि बरोबर सहाच जण चिडलेले होते. त्यात माय एक, आणि उपसरपंच झालेले दत्तूनाना दुसरे. नानांनी बेत सांगितला. ठरावाची नोटीस द्यायची आणि त्याच दिवशी सहाही जणांना गाडीत घालून सहलीला न्यायचं. बैठकीच्या दिवशी सकाळीच परत आणायचं. तोवर मोबाइल बंद, घरी फोन नाही. आमच्याकडं ही रीतच आहे. मेंबर गावात राहिला की त्याला कोणीतरी फोडतं, म्हणून त्याला देवदर्शनाला नाहीतर समुद्राला नेतात. लोकही कौतुकानं विचारतात, औंदा सहल कुठं?

माय म्हणाली, "नाना, मी काय शेरडू हाय का, दावं बांधून न्यायला?"

"तसं न्हाई कांताबाई. सगळेच येऊन राह्यले ना. बाया हायेत दोन."

"माझं सोयाबीन सोंगायचं ठरलंय. दहा बायांची टोळी मी बांधलीय. त्यांना काय सांगू, मी समुद्र बघून येते?"

नाना गेले. मायला सरपंच नको होता, पण सहलही नको होती. आणि मग मी बोलले. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतक्या विश्वासानं कधीच बोलले नसेन. मी सांगितलं, माय, सहलीला जायची गरजच नाही. तू राजीनामा दे. कारणं लिहून दे. नालीचं सगळं लिहू. तू दिलास की बाकीचे पाच देतील, त्यांनाही लाज आहे. सगळे गेले की सरपंच कुणाच्या जोरावर बसेल? इंग्लंडचा पंतप्रधान बसू शकला नाही, हा काय बसतो?

तिनं विचारलं, "पुस्तकात हाय का असं?"

"पुस्तकात हाय अन् पेपरातबी हाय."

"मंग लिही."

मी चांगलं दीड पान लिहिलं. 'आपल्या नेतृत्वाखाली काम करणे यापुढे माझ्या मनाला पटणार नाही' असं एक वाक्य होतं, त्यावर मी खूश होते. मायनं ते दोनदा वाचून घेतलं आणि खाली सावकाश सही केली. पूर्ण. तिन्ही नावं. दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद स्वतः नेऊन सरपंचाच्या हातात दिला.

आमच्या सरपंचांनी घरकुलाचे अर्ज वर्ष वर्ष दाबून ठेवलेले. दाखल्यावर सही हवी असली की ते शेतात असायचे. पण या कागदावर त्यांनी जी तत्परता दाखवली ती बघून ग्रामसेवक भाऊसाहेबसुद्धा चकित झाले असतील. मायला खुर्ची दिली, चहा सांगितला, साक्षीदार बोलावले, पोच दिली आणि तीन दिवसांत मासिक बैठकीपुढं राजीनामा ठेवलासुद्धा. माय घरी येऊन म्हणाली, "लई आदरानं बोलला गं. जीव चरकला माझा."

बाकीच्या पाचांपैकी कुणीही राजीनामा दिला नाही. बैठक झाली त्या दुपारी नाना आले ते दारातूनच ओरडत.

"कांताबाई, काय करून बसल्या? आठात सहा लागत होते, सहा होते. आता राहिले सात. सातातला पाऊण हिस्सा सव्वापाच, म्हंजी त्यातबी सहाच लागतेत, आन आपण उरलो पाच! सरपंचाला लाख रुपये देऊन जे जमलं नसतं ते तुमी फुकटात करून दिलं!"

माय धुणं पिळत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मला वाटलं, समदे देतील."

"कोन देतंय? कुठं देतेत असं?"

"इंग्लंडात," माय म्हणाली.

नानांनी उपरणं डोक्यावरून काढून हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात सरांना गाठलं. मला वाटत होतं की सर म्हणतील, तुझं तत्त्व बरोबर आहे, गावच चुकलं. मी सगळं सांगितलं. सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "प्रज्ञा, ते लोक काय सोडत होते?"

"पद, सर."

"कुठलं पद?"

"मंत्रिपद."

"आणि खासदारकी? ती सोडली का कुणी?"

एकानंही सोडली नव्हती. मंत्रिपदाची खुर्ची सोडून ते सगळे आपल्या जागेवर, आपलं मत हातात धरून, मागच्या बाकावर जाऊन बसले होते. म्हणून तर पंतप्रधानाला धाक होता. माझ्या मायकडं सोडायला मंत्रिपद नव्हतंच. तिच्याकडं एकच गोष्ट होती, वर करायचा हात, आणि तो मी तिला खाली ठेवायला लावला. मी तक्ता काढला होता, त्यात मंत्रिमंडळ आणि संसद या दोन्ही चौकटी वेगळ्या रंगात रंगवल्या होत्या. मीच रंगवल्या होत्या. आता एम.ए.च्या वर्गात कुणी 'मूलभूत फरक' म्हटलं की मला दुसरं काही आठवत नाही, त्या दोन चौकटी आठवतात, एक निळी आणि एक पिवळी.

अप्पा सुट्टीला आले, त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "आमच्या मिलमधी सळई लाल असती तवा जुना मानूसबी चिमट्यानं धरतो. तू डायरेक हात घातला." आणि मग मायला म्हणाले, "आन तू घालू दिला."

वाट एक उरली होती. ती नानांनीच शोधून आणली, भाऊसाहेबांना विचारून. राजीनामा बैठकीपुढं आल्यावर सात दिवसांच्या आत मेंबरनं कलेक्टरकडं तक्रार करायची की हा राजीनामा खरा नाही, सही माझी नाही. चौकशी लागते, तोवर मेंबरकी शाबूत. नाना म्हणाले, "अंगठेवाली बाई व्हती, सही कुठून आली, असं म्हना. उमेदवारीच्या अर्जावर अंगठा हायेच. बिलकुल पटतंय."

मी तो अर्जही लिहिला. 'सदर राजीनाम्यावरील सही माझी नाही' हे वाक्य मी चार वेळा खोडून चार वेळा लिहिलं. माय म्हणाली, बघू. सहा दिवस ती 'बघू'च म्हणत राहिली. सोंगणी जोरात होती, सगळीकडं मळणी यंत्राचा घर्रर आवाज आणि सोयाबीनचा भुसा, कपड्यात, केसांत, पाण्याच्या हंड्यावरही. ती उजाडताच जायची आणि दिवे लागायला यायची. मी रोज अर्ज पिशवीतून काढून पुन्हा ठेवायची.

सहावा दिवस संपत आला. उद्या शेवटचा. नाना सकाळी पहिल्या बसनं जालन्याला अर्ज घेऊन जाणार होते, ते अंगणात बाजेवर येऊन बसले होते. माय आली, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली. मी अर्ज आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. तिनं वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"इथं काय करायचं?"

"खाली अंगठा, माय."

"अंगठा?"

"सही येत न्हाई असं म्हनायचंय ना."

तिनं कागद हातात घेतला, चुलीच्या उजेडात धरला. मला वाटलं, चुलीत घालते की काय. तिनं तो नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

"नाना," ती बाहेर ऐकू जाईल असं बोलली, "सही माझीच हाय."

"अवो पर कांताबाई..."

"तीन महिने राखंत बोट घातलं मी त्या सहीपायी. आता म्हनू माझी न्हाई? आन माझी न्हाई तर कोनाची? सायेब इचारंल ना, कोन केली. घरात लिहिता येतं कुनाला? या पोरीला. कॉलेजातली पोरगी मायची खोटी सही करती, हे कागदावर चढंल. नाली नको मला तसली."

मी म्हटलं, "माय, माझं काय व्हायचं ते होऊ दे. चूक माझीच हाय."

"चूक तुझी हाय," ती म्हणाली. "सही माझी हाय."

नाना उठले. जाताना त्यांनी रागानं बाजेवर हात आपटला. फाटक लावून घेतल्याचा आवाज आला.

मला रडायला येत होतं आणि चीडही येत होती, तिच्यावर, माझ्यावर, नानांवर, आणि सगळ्यात जास्त त्या लांबच्या देशावर, ज्याला माझ्या मायचं नावही ठाऊक नव्हतं. मी मोबाइल हातात घेतला तो नुसता हाताला चाळा म्हणून. वर्गाच्या ग्रुपवर धडाधड संदेश येत होते. त्या बाईंनी राजीनामा दिला होता. भाजीचा गड्डा अजून तसाच होता म्हणे. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'प्रज्ञा, नवीन फोटो आण.'

"काय झालं?" मायनं विचारलं. ती भाकर उलटत होती.

"इंग्लंडची बाई गेली. राजीनामा दिला."

माय थांबली. तव्यावरच्या भाकरीचा पदर फुगून वाफ निघाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"खुर्ची सोडली का मेंबरकी?"

मी बघितलं. नीट वाचून बघितलं, कारण आता माझा माझ्यावर भरवसा नव्हता. "खुर्ची. मेंबरकी हाय तिच्याकडं."

"शानी हाय," माय म्हणाली आणि भाकर उतरवली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आन त्या भाजीचं काय केलं? खाल्ली का फेकली?" ते मात्र मला कुठंच सापडलं नाही.

सातवा दिवस गेला. मायची मेंबरकी संपली. अविश्वासाचा ठराव आलाच नाही, कोणी सहलीला गेलं नाही, आणि एरंडाच्या झुडपांपुढची पक्की नाली आणखी लांब झाली. मी तक्त्यावर तिसरा फोटो चिकटवला. या वेळी त्या माणसाचे आजोबा आपल्याकडचे म्हणून वर्गात पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला, पण चौकट इतकी जाड झाली होती की फोटो एका कोपऱ्यातून सारखा उचकटायचा. सर म्हणाले, राहू दे आता.

त्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेला माय गेली. मी नको म्हणत होते. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या, सरपंच खुर्चीवर, भाऊसाहेब रजिस्टर घेऊन शेजारी. पाणीपट्टीचं बोलणं झालं आणि माय उभी राहिली. नालीचं काय झालं, असं तिनं विचारलं.

सरपंच हसले. "कांताबाई, तुमी आता मेंबर न्हाईत ना?"

मागं कोणीतरी फिदकन हसलं. "इंग्लंडला जाऊन आल्यात त्या."

"मेंबर न्हाई," माय म्हणाली. "गावची तर हाय. ही ग्रामसभा हाय, मेंबरसभा न्हाई. भाऊसायेब, लिवा. वस्तीपुढली मंजूर नाली दुसरीकडं का गेली, हे कांताबाईनं इचारलं."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडं पाहिलं. सरपंच म्हणाले, "पुढच्या टप्प्यात..."

"तेबी लिवा. पुढचा टप्पा कवा, तेबी लिवा."

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग मायनं हात पुढं केला. पेन मागितला. कुणी तिला सही करायला सांगितलं नव्हतं. रजिस्टर तिच्या गुडघ्यावर आलं आणि ती सतरंजीवर बसून सही करायला लागली. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. तिला वेळ लागतो. अजूनही लागतो, काल-परवाच्या ग्रामसभेतही लागला, कारण नालीचं काम वस्तीच्या निम्म्यावर येऊन थांबलंय. त्या दिवशी मागचे हसणारे हळूहळू गप्प झाले. सरपंच खुर्चीतून उठले, पण रजिस्टर तिच्याकडं होतं, त्यामुळं ते परत बसले. आणि आडनावाचं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत सगळी सभा तशीच थांबून राहिली.